डॉलरच्या मोडीतली घट

ताई, तुमची परिस्थिती आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे पुढचा हिशेब कुणालाही लागेल. सासू-सासरे साडेपाच महिने अमेरिकेत थोरल्या मुलाकडे राहिले, येताना लंडन, एडिनबरा आणि दहा दिवसांची युरोप टूर करून तीन आठवड्यांपूर्वी कोल्हापुरात परतले. घरात सध्या ३,४०० डॉलर रोख, १४५ पौंड, ६० युरो, नाण्यांची एक पिशवी आणि फॉरेक्स कार्डावर, म्हणजे प्रवासासाठी आधीच परकीय चलन भरून घेतलेल्या कार्डावर, ६१२ डॉलर आहेत. सासरे म्हणतात थांबा, डॉलर शंभरावर जाणार. गुजरीतला, म्हणजे आपल्या सराफ बाजारातला, एक ओळखीचा माणूस काउंटरपेक्षा रुपयाभर जास्त द्यायला तयार आहे, पावतीशिवाय. आणि थोरल्याच्या घरी बाळ यायचंय, म्हणून सासूबाई पाच-सहा महिन्यांत पुन्हा जाणार. मोडायचे की ठेवायचे, एवढंच तुम्हाला विचारायचंय.

मी गेली तेवीस वर्षं शाहूपुरीत परकीय चलनाच्या काउंटरवर बसतोय. जाणारी माणसं उत्साहात येतात, परतलेली कंटाळलेली येतात. जाणारा दहा ठिकाणी भाव विचारतो. परतलेला कपाटाच्या खणात पाकीट टाकतो आणि दोन वर्षांनी कुणीतरी ते घेऊन माझ्यासमोर उभं राहतं. पैसा जातो तो या दोन वर्षांत.

गुजरीचं नाव तुम्ही काढलंच आहे, तर तिथलंच उदाहरण घ्या. जुनी पाटली मोडून नवी केली की घट लागते, हे सासूबाईंना मी सांगायला नको. दर मोडीला थोडं सोनं कमी होतं. चलनाचंही अगदी तसंच आहे. आमच्या पाटीवर दोन आकडे असतात, आम्ही घेतो तो आणि आम्ही देतो तो. हिशेबाला सोपं म्हणून बाजाराचा मधला भाव ९० धरा. काउंटरवर रोख नोटा तुमच्याकडून ८८.२० ला घेतल्या जातील आणि तुम्हाला हव्या असतील तेव्हा ९१.८० ला मिळतील. कुठे हा फरक कमी असतो, विमानतळावर तर विचारूच नका. म्हणजे १,००० डॉलर आज मोडून सहा महिन्यांनी तेवढेच परत घेतले, तर भाव एक पैसाही न हलता ३,६०० रुपये गेले. त्यावर दोन्ही वेळचा जीएसटी. एक लाखापर्यंतच्या व्यवहारात रकमेचा एक टक्का हे करपात्र मूल्य धरतात आणि त्यावर १८ टक्के लावतात, म्हणजे जाता-येता मिळून सव्वातीनशेच्या आसपास. एकूण घट झाली ३,९०० रुपये.

आता उलटी बाजू. हेच डॉलर मोडून ८८,२०० रुपये बँकेत साडेसहा टक्क्यांनी ठेवले, तर महिन्याला पावणेपाचशे रुपये व्याज. ३,९०० भरून यायला आठ महिने लागतात. म्हणून माझा साधा नियम असा: पुढची फेरी आठ महिन्यांच्या आत, आणि तीही नक्की असेल, तर तेवढे डॉलर ठेवा. नाहीतर मोडा. तुमच्याकडे बाळ यायचंय म्हणजे फेरी नक्की. सासूबाईंनी हजार-दीड हजार डॉलर ठेवावेत असं माझं मत आहे. मुलाकडे राहणाऱ्या माणसाला त्याहून जास्त रोख लागतही नाही.

पण किती ठेवता येतात, हे कायदा ठरवतो, आणि इथेच लोक गडबड करतात. परदेशातून परतलेल्या भारतीय रहिवाशाला शिल्लक परकीय नोटा २,००० डॉलरपर्यंत किंवा तेवढ्या किमतीच्या हव्या तितके दिवस जवळ ठेवता येतात. त्यावरच्या नोटा परतल्यापासून १८० दिवसांत बँकेत किंवा परवानाधारक मनी चेंजरकडे द्यायच्या. तारीख मोजायची ती पासपोर्टवरच्या आगमनाच्या शिक्क्यापासून. ही मर्यादा डॉलरची वेगळी, पौंडाची वेगळी अशी नाही, सगळ्या नोटांची मिळून आहे. आणि ती माणशी आहे, घरटी नाही.

तुम्ही कळवलंय की मुलानं निघताना २,००० डॉलर आईच्या हातात ठेवले आणि तिकडच्या भाच्यानं आत्याला म्हणून ५०० दिले. उरलेले ९०० सासऱ्यांनी इथून नेलेल्यातले. म्हणजे सासूबाईंकडे २,५०० आहेत, सासऱ्यांकडे ९०० डॉलर अधिक पौंड-युरो मिळून साधारण साडेअकराशे. दोघांची बेरीज ४,००० च्या आत बसते म्हणून निवांत राहू नका. सासूबाईंचे ५०० जास्त आहेत आणि ते १८० दिवसांच्या आत गेलेच पाहिजेत. माझ्या हिशेबानं त्यांनी हजारभर मोडावेत, दीड हजार ठेवावेत. सासऱ्यांना पुन्हा जायचं नसेल तर त्यांनी सगळेच मोडावेत. मोडायचे नसतील तर बँकेत परकीय चलनाचं ‘आरएफसी डोमेस्टिक’ खातं उघडून त्यात ठेवण्याची सोय आहे, पण त्यावर व्याज मिळत नाही आणि एवढ्या रकमेसाठी ती खटपट करू नये.

भाच्याच्या ५०० डॉलरबद्दल एक गोष्ट जाता जाता. मुलानं आईला कितीही दिले तरी भेट म्हणून ते करमुक्त. आत्यानं भाच्याला दिले तरी करमुक्त. पण भाच्यानं आत्याला दिले, तर आयकर कायद्याच्या ‘नातेवाईक’ या व्याख्येत भाचा बसत नाही! अशा सगळ्या भेटींची वर्षाची बेरीज ५० हजारांवर गेली की ती उत्पन्नात धरतात. ५०० डॉलर म्हणजे पंचेचाळीस हजारांच्या आसपास, त्यामुळे यंदा वाचलात. दिवाळीला त्यानं आणखी काही पाठवलं तर लक्षात ठेवा.

सासऱ्यांच्या शंभराच्या भाकितावर मी वाद घालणार नाही. रुपया लांबच्या मुदतीत घसरत आलाय हे खरंच आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये त्यानं ८३ ओलांडले, डिसेंबर २०२५ मध्ये ९०. पण घसरण सरळ उतारासारखी नसते. ऑगस्ट २०१३ चा शेवटचा आठवडा मला आजही डोळ्यांसमोर आहे. डॉलर ६८ च्या वर गेला होता आणि काउंटरवर रांग होती, सगळी विकणाऱ्यांची. त्यात एक गृहस्थ ४,००० डॉलर घेऊन आले, पाटी बघितली, म्हणाले ‘पंच्याहत्तरला येतो’ आणि खिशात घालून गेले. ऑक्टोबरात भाव ६१-६२ झाला तेव्हा ते परत आले. चोवीस हजारांच्यावर फरक पडला होता. तोंडातून शब्द नाही, मी चहा मागवला. शिवाय त्यांचे १८० दिवस संपत आले होते म्हणून विकावे लागले, नाहीतर आणखी थांबले असते. हजार-दोन हजार डॉलरवर सट्टा खेळून कुणी श्रीमंत झाल्याचं मी पाहिलेलं नाही. भाव दोन रुपयांनी वाढला तरी हजारामागे दोन हजार रुपये. त्यासाठी घरात रोज बातम्या लावून वाद कशाला?

गुजरीतल्या माणसाचं मात्र स्पष्ट सांगतो. नका देऊ. तो माणूस चांगला असेल, तीन पिढ्यांची ओळख असेल, सगळं मान्य. पण परवान्याशिवाय परकीय चलन घेणं-देणं हा फेमाचा, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याचा, भंग आहे, आणि तो घेणाऱ्याला जेवढा लागतो तेवढाच देणाऱ्यालाही. दंड रकमेच्या तिपटीपर्यंत होऊ शकतो. हजार डॉलरमागे हजार रुपये जादा मिळवायला हा धोका कशाला पत्करायचा? दुसरी गोष्ट, पावती नसेल तर उद्या खात्यात भरलेली रोख कुठून आली हे सांगायला तुमच्याकडे कागद राहत नाही. परवानाधारक काउंटरवर एनकॅशमेंट सर्टिफिकेट, म्हणजे चलन मोडल्याचा दाखला, मिळतं. ते मागून घ्या आणि पासपोर्टच्या झेरॉक्ससोबत फाईलला लावा. एका व्यवहारात १,००० डॉलरपेक्षा जास्त मोडले की रहिवाशाला रोख देता येत नाही, चेक किंवा खात्यावर घ्यावे लागतात. तेव्हा ‘सगळे रोख देतो’ म्हणणारा दिसला की ओळखायचं. येताना पासपोर्ट, पॅन आणि जाताना चलन घेतल्याची पावती आणा.

आता नोटांकडे बघू. पाकीट उघडा आणि एकेक नोट उजेडात धरा.

गेल्या दिवाळीनंतर एक आजी आल्या होत्या, मंगळवार पेठेतल्या. पर्सच्या आतल्या कप्प्यात रुमाल, रुमालात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत शंभराच्या चार कोऱ्या करकरीत डॉलरच्या नोटा. पहिल्या नोटेवर फ्रँकलिनच्या कपाळावर बरोबर मधोमध कुंकवाचं बोट. लक्ष्मीपूजनाला नातवाचे डॉलर पाटावर ठेवले होते, हळद-कुंकू वाहिलं, वर फुलाचा ओला देठ. तीन नोटा मी घेतल्या, ती चौथी मला घेता येईना. अमेरिकेत अशी नोट बिनधास्त चालते, तिथलं सरकार जुनी नोटही कधी रद्द करत नाही. पण इथून आम्ही ती पुढे ज्यांना विकतो ते डाग, शाई, शिक्का, फाटका कोपरा दिसला की परत करतात. आजींना म्हटलं, ही नातवाकडेच जाऊ द्या. त्या म्हणाल्या, ‘मग देव्हाऱ्यातच ठेवते, तेवढाच लक्ष्मीचा वास.’ नऊ हजारांची लक्ष्मी! तर ताई, दिवाळीपर्यंत नोटा घरात राहणार असतील तर पूजेला रुपयाच मांडा. डाग लागलेल्या, लिहिलेल्या नोटा आणि एक-पाचच्या किरकोळ नोटा सासूबाईंनी सोबत न्यायच्या दीड हजारात घाला, स्वच्छ शंभराच्या नोटा मोडायला काढा. लोक नेमकं उलटं करतात, कोऱ्या जपून ठेवतात आणि चुरगळलेल्या माझ्याकडे आणतात.

पौंडाचा जरा घोळ आहे. तुम्ही पाठवलेल्या वर्णनावरून १४५ पैकी तीन विसाच्या नोटा एडिनबराच्या, म्हणजे स्कॉटलंडमधल्या बँकांनी छापलेल्या आहेत. पैसे म्हणून त्या खऱ्याच, पौंडाला पौंड. पण भारतातले बहुतेक काउंटर त्या घेत नाहीत, मीही घेत नाही. आणि सासऱ्यांच्या २०१७ च्या फेरीतली कागदी विसाची नोट, जिच्यावर ॲडम स्मिथचं चित्र आहे, ती ३० सप्टेंबर २०२२ नंतर व्यवहारातून बंद झालीय. ती मेलेली नाही, बँक ऑफ इंग्लंड जुन्या नोटा कायम बदलून देते, पण ते काम तिकडेच होतं. या चार नोटा, म्हणजे ८० पौंड, एका पाकिटात घालून वर ‘लंडन’ लिहा आणि जाणाऱ्या विश्वासू माणसाकडे द्या. स्कॉटिश नोटा देताना त्या तिकडेच खर्च करून टाकायला सांगा. उरलेले ६५ पौंड इथे जातील. राणीचं चित्र असलेल्या नोटा बंद झाल्या का, असं हल्ली रोज कुणीतरी विचारतं. नाही. राजे चार्ल्स यांच्या नोटा जून २०२४ पासून आल्या, राणीच्या पॉलिमर नोटा त्यांच्या बरोबरीनं चालतात.

एक मोह टाळा. पौंड आणि युरो देऊन त्याचे डॉलरच द्या, सासूबाईंना उपयोगी पडतील, असं सुचेल. त्यात घट दोनदा लागते, पौंडाचे रुपये करताना एकदा आणि रुपयांचे डॉलर करताना पुन्हा. साठ युरो सरळ रुपयांत घ्या.

कार्डाचे ६१२ डॉलर. हे पैसे नजरेआड असतात म्हणून सगळ्यात जास्त विसरले जातात. माझ्याच मुलीचं कार्ड सिंगापूरहून आल्यावर ड्रॉवरमध्ये पडलं. वर्षभरानं शिल्लक बघितली तर न वापरल्याचा आकार दर काही महिन्यांनी कापून अर्धीअधिक रक्कम संपलेली. बाप या धंद्यात असून! भारतात, नेपाळात किंवा भूतानमध्ये हे कार्ड चालत नाही, त्यामुळे ‘इथे हळूहळू वापरू’ हा विचार सोडा.

पण परतल्या परतल्या लगेच बंदही करू नका. हॉटेल किंवा भाड्याची गाडी घेताना कार्डावर अनामत म्हणून काही रक्कम अडकवून ठेवतात, ती सुटायला कधी कधी दोन-तीन आठवडे लागतात. तुमच्याकडे युरोप टूर झालीय, म्हणजे हे तपासाच. ॲपवर किंवा स्टेटमेंटमध्ये उपलब्ध शिल्लक आणि एकूण शिल्लक असे दोन आकडे दिसतील. ते सारखे झाले की कार्ड दिलेल्या बँकेत जाऊन शिल्लक परत मागण्याचा अर्ज द्या, पैसे काही दिवसांत खात्यावर येतात. कार्डावरच्या पैशाला सहसा रोख नोटांपेक्षा चांगला भाव मिळतो, कारण बँकेला नोटा सांभाळायच्या, मोजायच्या, पुढे पाठवायच्या नसतात. म्हणून तुमच्या बाबतीत माझा क्रम असा राहील: कार्ड सासऱ्यांच्या नावावर आहे आणि ते जाणार नाहीत, तर तेच आधी रिकामं करा. सासूबाईंच्या नावावर असतं तर मी ते ठेवायला आणि नोटा मोडायला सांगितलं असतं. एका कार्डात डॉलर आणि युरो असे वेगवेगळे कप्पे असतील तर एका कप्प्यातून दुसऱ्यात पैसे हलवू नका, तिथेही टक्केवारी कापतात.

टूर कंपनीचं बिल शोधून ठेवा. परदेशी पॅकेजवर टीसीएस, म्हणजे विकणाऱ्यानं पैसे घेतानाच गोळा केलेला आयकर, घेतलेला असतो. दर बजेटगणिक बदलतात, म्हणून बिलावरचाच आकडा बघा. हा खर्च नव्हे, आगाऊ भरलेला कर आहे. सासरे पेन्शनर आहेत आणि ‘मला रिटर्न भरायची गरज नाही’ म्हणतात असं तुम्ही लिहिलंय. गरज नसेलही, पण रिटर्न भरल्याशिवाय हे पैसे परत मिळत नाहीत. फॉर्म २६एएसमध्ये, म्हणजे पॅनवर जमा झालेल्या कराच्या उताऱ्यात, त्यांच्या पॅनवर ती रक्कम दिसतेय का ते सीएकडून बघून घ्या. दुसऱ्याच कुणाच्या, म्हणजे पैसे भरणाऱ्या मुलाच्या पॅनवर दिसत असेल तर परतावाही त्यालाच. पाच-सात लाखांच्या टूरवर ही रक्कम डॉलरच्या भावातल्या सगळ्या काथ्याकुटापेक्षा मोठी निघते, आणि गंमत म्हणजे माझ्या काउंटरवर दहातल्या आठ जणांना ती आठवतच नाही.

पेन्शनचा विषय निघालाच आहे तर, हयातीचा दाखला नोव्हेंबरात द्यायचा असतो. सासूबाईंची पुढची फेरी त्यात सापडत असेल आणि त्यांनाही पेन्शन असेल, तर मोबाईलवरून चेहरा दाखवून देण्याची सोय निघण्याआधी एकदा शिकवून ठेवा. मोबाईलचा नंबरही बघा, ९० दिवस काहीच वापर नसला तर तो बंद होऊ शकतो आणि बँकेचे ओटीपी त्यावरच येतात.

जाताना थोडे रुपयेही द्या. रहिवाशाला २५,००० पर्यंत भारतीय रुपये नेता-आणता येतात. पाच हजार पासपोर्टच्या पाकिटात असले की मुंबईला उतरल्यावर पहाटे तीनला गाडीसाठी विमानतळावरच्या भावानं पन्नास डॉलर मोडायची वेळ येत नाही. यंदा सासऱ्यांनी तेच केलं असणार, पावती काढून बघा म्हणजे कळेल. त्यात दोन हजाराच्या नोटा नकोत. मे २०२३ मध्ये त्या मागे घेतल्या, बेकायदा नाहीत, पण आता फक्त रिझर्व्ह बँकेच्या कार्यालयांत बदलतात आणि आपल्याला त्यासाठी बेलापूर किंवा मुंबई गाठावी लागते, नाहीतर पोस्टानं पाठवाव्या लागतात.

राहिली नाण्यांची पिशवी. ठेवायला कायद्याची काही मर्यादा नाही, आणि भारतात विकत घ्यायला कुणी नाही. मीही नाही. मुलांना खेळायला देण्याआधी त्यातली एक आणि दोन युरोची नाणी तेवढी वेगळी काढा, दोन युरोचं एक नाणं म्हणजे दोनशेच्या आसपास रुपये. युरोपात कुणी शेजारीपाजारी निघाला की त्याच्या हातावर ठेवा. तिथल्या दुकानात ढकलगाडी सोडवायला आधी नाणं घालावं लागतं, आणि नुकत्याच उतरलेल्या माणसाच्या खिशात सगळं असतं, फक्त ते एक नाणं नसतं. सेंट आणि पेन्स मुलांना द्या.